मोटारींतील रेडिओचीं झिजलेलीं बटणें

मोटारींतून जातांना गाणें ऐकूं यावें ही हौस जुनीच. १९३० सालीं अमेरिकेंत गॅल्विन बंधूंनीं मोटारींत बसवितां येण्याजोगा रेडिओ ‘मोटोरोला’ या नांवानें बाजारांत आणला, आणि पुढें चालकासमोरच्या फळींत रेडिओला हक्काची जागा मिळाली. जुन्या रेडिओंच्या पुष्कळशा गोल खुंट्यांवरचीं अक्षरें कोरलेलीं असत व खांचेंत पांढरा रंग भरलेला असे. रंग उडाला तरी खांच राहते. तींत नवा रंग दाबून भरावा, वरचा जादा रंग फडक्यानें पुसून घ्यावा, कीं काम झालें. एवढी दुरुस्ती शाळकरी मुलालाही साधेल.

परंतु १९८० नंतरच्या दोन दशकांत निघालेल्या मोटारींतील रेडिओच्या बटणांची जात बहुधा निराळी असते. दिवसा बटण काळें व त्यावरील अक्षर पांढरें दिसतें. रात्रीं मागचा लहानसा दिवा लागला म्हणजे तेंच अक्षर हिरवें किंवा नारिंगी उजळतें. पाहणाऱ्याला वाटतें, काळ्या प्लॅस्टिकवर पांढऱ्या रंगानें अक्षर छापलें असावें. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. बटण मुळांत उजेड झिरपूं देणाऱ्या दुधी प्लॅस्टिकचें असतें. त्यावर काळ्या रंगाचा पातळ थर चढवितात आणि लेसर-किरणानें अक्षराच्या आकारापुरता तो थर जाळून टाकतात. अक्षर म्हणजे काळ्या भिंतींत उघडलेली एक खिडकीच!

मग हें अक्षर जातें कसें? बोटांच्या घर्षणानें व घामानें भोंवतालचा काळा थर झिजतो, खिडकी चहूंबाजूंनीं फाकते, आणि अखेर अक्षर पांढरेपणांत बुडून जातें. आवाज कमीजास्त करण्याचें बटण बहुतेक सर्वांआधीं या वाटेनें जातें. हौशी मालक अशा वेळीं बारीक कुंचला घेऊन पांढऱ्या रंगानें अक्षर काढूं लागतो, आणि येथेंच घात होतो. रात्रीं तोच पांढरा रंग उजेड अडवितो. सारें बटण झळकत असतां अक्षराच्या जागीं मात्र सांवली पडते. गरज असते ती भोंवतालचा काळोख परत आणण्याची. ही केवळ शोभेची बाब नाहीं. अंधाऱ्या रस्त्यावर, ओळखूं न येणारें बटण शोधण्यांत चालकाची नजर जितकी अधिक वेळ गुंतते, तितकी ती रस्त्यावरून उडते.

हत्यार उचलण्यापूर्वीं बटणें सौम्य साबणाच्या पाण्यांत भिजवून पिळलेल्या फडक्यानें पुसून पाहावीं. कित्येक बटणें झिजलेलीं नसून नुसतीं मळलेलीं असतात! दुसरें असें कीं, त्या काळच्या अनेक रेडिओंना चोरीविरुद्ध एक सांकेतिक आंकडा दिलेला असे. बॅटरीची तार सुटली कीं रेडिओ मुका होतो व तो आंकडा मिळेपर्यंत बोलत नाहीं. तेव्हां मोटारीच्या कागदपत्रांतून आंकडा आधीं हुडकून ठेवावा. नेहमींच्या युरोपीय मापाचा रेडिओ १८० मिलिमीटर रुंद व ५० मिलिमीटर उंच अशा खांचेंत बसतो. पुष्कळसे नमुने दर्शनी बाजूच्या भोंकांत खास किल्ल्या सारून बाहेर ओढतां येतात. पुढची पट्टी उकलतांना घाई नको, कारण जुन्या प्लॅस्टिकच्या अडकणी ठिसूळ झालेल्या असतात. प्रत्येक पायरीचें छायाचित्र घेऊन ठेवणें इष्ट.

बटण सुटें झालें कीं अंधाऱ्या खोलींत त्याच्या मागें विजेरी धरावी. जेथें जेथें काळा थर विरला आहे तेथें चांदण्यांसारखे ठिपके चमकतात. अक्षर शाबूत असून कडाच गेल्या असतील तर पातळ केलेला काळा ॲक्रिलिक रंग अगदीं बारीक कुंचल्यानें लावावा व विजेरीनें पुन्हा पाहावें. दोन-तीन हलके हात पुरतात. रंग अक्षरांत उतरलाच, तर ओला असतांनाच लांकडी दांतकोरण्यानें टिपून घ्यावा.

अक्षरच नाहींसें झालें असेल तर काम मोठें. उरलासुरला थर आयसोप्रोपिल अल्कोहोलनें, धीरानें उतरवावा लागतो. थिनर किंवा नखांचा रंग काढण्याचें ॲसिटोन यांस मुळींच हात लावूं नये. त्यांनीं एका जातीच्या प्लॅस्टिकला तडे जातात, तर दुसरें चक्क विरघळतें. मग बिनचकाकीचा काळा रंग फवाऱ्यानें पातळ थरांनीं द्यावा. रंग जाड झाला तर बटण आपल्याच भोंकांत अडकून बसतें. थर पुरा वाळल्यावर अक्षर उघडण्याचें काम नांवाच्या पाट्या कोरणाऱ्या लेसर-कारागिराकडे सोंपवावें. आधीं निकामी बटणावर प्रयोग करून पाहण्यास सांगावें, कारण किरण प्रखर झाला तर खालचें प्लॅस्टिकही करपतें.

मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत आणखी एक पीडा आढळते. १९९० नंतरच्या कांहीं रेडिओंवर रबरासारखा मऊ लेप असे. बाष्पामुळें त्यांतील पॉलियुरेथेन विघटित होऊन तो चिकट होतो. असा लेप पुरता काढून टाकण्यावांचून गत्यंतर नसतें. फवाऱ्याचें कामही पावसाळ्यांत टाळावें. ओल्या हवेंत लॅकर वाळतांना त्यावर पांढुरकी झांक चढते.

सर्वच बटणें नवीं करावींत काय? थोडी झीज खुशाल राहूं द्यावी. मात्र झिजलेल्या ओळींत एकच कोरें बटण जुन्या दांतांतील सोन्याच्या दांतासारखें डोळ्यांत भरतें, म्हणून नव्या रंगाची चकाकी शेजाऱ्यांशीं जुळवून घ्यावी. भंगारांतल्या त्याच नमुन्याच्या रेडिओवरून बटणें मिळालीं तर सर्वांत उत्तम. मात्र त्या वेळीं मूळचीं बटणें टाकून न देतां, नमुन्याचें नांव लिहिलेल्या पाकिटांत घालून मोटारीच्या कागदपत्रांशेजारीं ठेवावीं.