औषधाआधी फळमाशीची ओळख

दर्यापूर तालुका हा पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा भाग. येथील काळी जमीन कसदार, परंतु भूगर्भातील पाणी खारट. त्यामुळे कापूस, तूर, मूग, हरभरा या कोरडवाहू पिकांवरच येथील शेतकऱ्याची भिस्त राहिलेली आहे. ज्याच्या विहिरीला गोडे पाणी लागले किंवा ज्याने शेततळे केले, तो अर्ध्या-एक एकरात काकडी, कारली, दोडके यांचा मळा करतो. कापसाचे पैसे हंगामाच्या शेवटी हाती येतात. काकडीचे दर दोन-तीन दिवसांनी. घरातील किराणा आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च या तुकड्यावर निघतो. म्हणूनच बोटभर लांबीच्या काकडीवर टोचल्याची खूण दिसू लागली, तेथून चिकट रस पाझरला आणि फळ वाकडे होऊन पिवळे पडले, की त्या घराचा आठवड्याचा हिशेब चुकतो.

हे काम फळमाशीचे. वेलवर्गीय भाज्यांवरील फळमाशीमुळे होणारे नुकसान कमीत कमी तीस टक्के आणि प्रसंगी जवळजवळ सर्व पीक जाण्याइतके असते, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. अशा वेळी शेतकऱ्याचा हात साहजिकच फवारणीच्या पंपाकडे जातो. परंतु औषध बसते सालीवर आणि अळी असते गरात. शिवाय काकडीचा तोडा एक-दोन दिवसांआड करावा लागतो. औषधाचा अंश उतरण्यापूर्वीच माल बाजारात आणि तेथून कोणाच्या तरी ताटात पोचतो. पैसा खर्च होतो, अळी मात्र सुरक्षित राहते.

चार अवस्था, दोन आडोसे

मादी आपल्या अणकुचीदार अंडनलिकेने कोवळ्या फळाची साल भेदून आत अंडी घालते. एक-दोन दिवसांत अळ्या बाहेर पडतात व आठवडाभर गर खातात. पूर्ण वाढलेली अळी फळ सोडते, शरीराचा वळसा करून उसळी मारते आणि जमिनीत शिरून दोन-चार बोटे खोलीवर कोष करते. आठ-दहा दिवसांनी त्यातून माशी निघते. हवामान अनुकूल असेल तर वर्षात आठ-दहा पिढ्या होतात.

म्हणजे अळी फळात लपते, कोष मातीत लपतो. उघड्यावर असते ती केवळ माशी, आणि तिलाही दोन गरजा असतात. नराला विशिष्ट गंधाची ओढ असते. मादीची अंडी पक्व होण्यासाठी तिला प्रथिनयुक्त अन्न मिळवावे लागते. फळमाशीच्या नियंत्रणाचे सारे शास्त्र या दोन गरजांभोवती उभे राहिले आहे.

पुसा येथील शोध

नराच्या या ओढीचा शोध आपल्याच देशात लागला. बिहारमधील पुसा येथे १९०५ मध्ये स्थापन झालेल्या कृषी संशोधन संस्थेत एफ. एम. हॉवलेट हे कीटकशास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांच्या एका शेजाऱ्याने डासांपासून बचाव व्हावा म्हणून सिट्रोनेला तेल वापरले, तो डासांऐवजी भलत्याच माश्यांचा ताप सुरू झाला! दुसरा कोणी असता तर तेलाची बाटली फेकून देता. हॉवलेट यांनी त्या माश्या तपासल्या आणि त्या फळमाश्या असून सर्व नर आहेत, असे त्यांना आढळून आले. १९१२ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. तेलातील कोणता घटक माश्यांना खेचतो याचा शोध त्यांनी पुढे चालू ठेवला आणि १९१५ मध्ये मिथिल युजेनॉल या द्रव्याचे नाव पुढे आले. तुळशीच्या काही प्रकारांच्या तेलातही हे द्रव्य असते.

आंबा, पेरू, संत्रा यांच्या बागांतून टांगलेल्या कामगंध सापळ्यांचे मूळ या निरीक्षणात आहे. मात्र येथे एक चूक वारंवार घडते. मिथिल युजेनॉलचा गंध आंब्या-पेरूवरील फळमाशीला भुलवितो; काकडी-कारल्यावरील माशी त्याकडे फिरकत नाही. तिच्यासाठी क्यू-ल्यूर हे निराळे द्रव्य लागते. बाजारात दोन्ही सापळे शेजारी टांगलेले असतात. शेतकऱ्याने आपले पीक सांगून सापळा घ्यावा आणि विक्रेत्यानेही ते विचारावे. अन्यथा ‘सापळे लावले, पण गुण आला नाही’ ही तक्रार ठरलेली!

सापळ्याची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. त्यात सापडतात ते नर, आणि एक नर अनेक माद्यांशी संयोग करू शकतो. थोडे जरी नर उरले तरी वंश चालू राहतो. प्रशांत महासागरातील रोटा या लहानशा बेटावर मिथिल युजेनॉल व कीटकनाशकात भिजविलेले तुकडे विमानातून टाकून १९६०च्या दशकाच्या आरंभी फळमाशीचे उच्चाटन करण्यात आले. पण तेथे सभोवती समुद्र होता. दर्यापूरच्या मळ्याला सभोवती शेजाऱ्यांची वावरे आहेत.

माशी मुक्काम कोठे करते?

काकडीवरील फळमाशी मूळची भारत व आसपासच्या देशांतील. तिचे शास्त्रीय वर्णन मात्र १८९९ मध्ये हवाई बेटांवरील नमुन्यांवरून झाले, कारण काही वर्षांपूर्वीच ती तेथे पोचून टरबुजांची धूळधाण करू लागली होती. त्या बेटांवर १९५०च्या सुमारास टी. निशिदा व एच. ए. बेस या संशोधकांनी माशीची दिनचर्या बारकाईने पाहिली. त्यांना असे दिसले की, माशी पिकात राहतच नाही! दिवसाचा बराच काळ ती शेताच्या कडेच्या मका, एरंडी अशा उंच झाडांच्या पानांआड बसून काढते. मादी शेतात येते ती अंडी घालण्यापुरती. मग साऱ्या पिकावर औषध फवारण्यात काय अर्थ? गोड अथवा प्रथिनयुक्त आमिषात थोडे औषध मिसळून ते कडेच्या झाडांवर शिंपडले, तर भुकेली मादी आपण होऊन तेथे येते.

आपल्याकडे मळ्याच्या धुऱ्यावर मक्याच्या दोन ओळी पेरणे अवघड नाही. गुळाच्या पाण्यात शिफारस केलेले औषध योग्य प्रमाणात मिसळून ते त्या मक्यावर शिंपडावे. फळावर थेंबही पडत नाही आणि औषधाचा खर्चही आटोक्यात राहतो.

येथून गेलेली गांधीलमाशी

फळमाशीला निसर्गात शत्रू आहेत. काही अतिशय लहान गांधीलमाश्या फळातील अळी हुडकून तिच्या अंगात आपले अंडे घालतात. अळी कोषात जाते, पण त्या कोषातून बाहेर पडते ती गांधीलमाशी. १९१६ मध्ये डी. टी. फुलावे या कीटकशास्त्रज्ञाने भारतातून अशी एक जात हवाईस नेली. पुसा येथील कीटकशास्त्रज्ञ टी. बेनब्रिज फ्लेचर यांचे नाव तिला मिळाले आहे. जंगली कारल्याच्या लहान फळांतील अळ्यांवर तिने चांगले काम केले. लागवडीच्या मोठ्या, जाड गराच्या फळांत मात्र अळी खोल जाते व गांधीलमाशीची अंडनलिका तेथवर पोचत नाही. मित्रकीटक सोडले की प्रश्न मिटला, असे समजणे त्यामुळे भाबडेपणाचे ठरेल. पण ऊठसूट फवारणी करून त्यांना मारणे हेही तितकेच अविचाराचे.

हवाईतच पुढे एक साधी युक्ती रूढ झाली. किडलेली फळे बारीक जाळीच्या बंद तंबूत टाकतात. जाळीच्या छिद्रांतून फळमाशी निसटू शकत नाही. सडपातळ गांधीलमाशी मात्र निसटून शेतात परत जाते.

तंबू नसेल तर सडकी फळे वेचून किमान दीड-दोन फूट खोल पुरावीत, किंवा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडा-दोन आठवडे उन्हात ठेवावीत. ती उकिरड्यावर किंवा धुऱ्यावर फेकली तर अळ्या तेथल्याच मातीत कोष करतात. वेल काढून झाल्यावर जमीन नांगरली म्हणजे कोष उघडे पडून उन्हाने व पक्ष्यांमुळे नष्ट होतात. सापळे फुलोऱ्यापूर्वी लावावेत, दर आठवड्यास त्यांतील माश्या मोजून आकडा वहीत टिपावा. आकडा चढू लागला की आमिषाची वेळ आली असे समजावे. शेजारच्या मळेकऱ्यानेही त्याच आठवड्यात सापळे बांधले, तर दोन्ही वह्यांतील आकडे ताडून पाहता येतात आणि माशी कोणत्या बाजूने येते हेही कळते.