वर्गातले मासे

मुळशीचे नाव निघाले की आपणां पुणेकरांना सेनापती बापट आणि १९२१ ते १९२४ चा सत्याग्रह आठवतो, आणि ते योग्यच आहे. मला मात्र आज तिथल्या पाण्यातल्या रहिवाशांविषयी बोलायचे आहे, तेही प्राथमिक शाळेच्या वर्गापुरते. मुळा-निळेच्या काठी वाढणाऱ्या मुलाने जलचरांचा धडा चित्रावरून शिकावा, हा दैवदुर्विलास नव्हे काय? एक काचेची पेटी, तळाशी ओढ्यातली वाळू नि गोटे, थोड्या पाणवनस्पती आणि त्याच ओढ्यातले दोनचार बोटभर मासे, एवढे साहित्य पुरे.

पुरे, पण घाई नको. सोमवारी मासे आणावेत, मुलांनी कौतुकाने मूठमूठ चुरमुरे टाकावेत आणि आठवड्याच्या आत मासे उलटे तरंगावेत, असे पुष्कळदा घडते. माशांच्या उत्सर्गातून आणि कुजणाऱ्या अन्नातून पाण्यात अमोनिया येतो, आणि तो विषारी असतो. वाळूवर वाढणारे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषच. मग दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते मासा बराच सोसतो आणि वनस्पतींना तर ते खतच. नव्या पेटीत हे जिवाणू जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून आरंभी एकदोनच मासे, चिमूटभर अन्न, आणि दर आठवड्यास थोडेच पाणी बदलायचे, तेही क्लोरीन उडून गेलेले. वाळूसकट सारी पेटी घासून लख्ख करणारा उत्साही मनुष्य हा माशांचा मोठाच वैरी!

चैत्रातल्या दुपारी मासे वर येऊन तोंडे का उघडतात? मुलांनी उष्णतामापक बुडवून पाहावा. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात फार तर ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना सुमारे साडेसातच.

माशांची नावे मुलांनी गावातल्या मासे धरणाऱ्यांना विचारावीत. साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन केले, तेव्हा त्यानेही तेच केले होते. 'खुद्री', 'मुल्या', 'कोलुस' ही आज जगभरच्या शास्त्रग्रंथांत असलेली नावे मूळची आपल्या मावळी बोलीतली आहेत.

आता सुटीचा प्रश्न. पेटीत बाजारचे रंगीत मासे मिसळले असतील, तर त्यांतला एकही मासा नदीत सोडू नये. रोग आणि परके बीज दोन्ही पसरतात. आपला खुद्री, म्हणजे दख्खनचा महासीर, उबवणकेंद्रांत वाढवून सद्भावनेनेच कावेरीत सोडला गेला. तिथे तो फोफावला, आणि तिथला मूळचा कुबडा महासीर २०१८ पासून अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे. पेटीत केवळ ओढ्याचेच मासे असतील, तर मुलांनी ते बादलीतून त्याच ओढ्यावर, त्याच डोहापाशी न्यावेत, ओढ्याचे पाणी बादलीत थोडे थोडे मिसळीत अर्धा तास बसावे, आणि मग बादली हळूच कलती करावी.