नळ, भोपळा आणि 'नल अँड व्हॉइड'

गिरगावातल्या चाळीत 'नल' ऐकलं की आधी सकाळचं पाणी आठवतं. लोअर परळच्या ऑफिसात तोच शब्द अ‍ॅग्रीमेंटच्या शेवटच्या पानावर असतो, आणि तो वाचायच्या आत आपण सही ठोकून मोकळे!

आता थोडं लॅटिन. पळू नका, परीक्षा नाहीये. 'निहिल' म्हणजे काहीच नाही. त्याचं आखूड रूप 'निल', जे पगाराच्या स्लिपवर इन्सेंटिव्हसमोर बसलेलं असतं. सरकारी मराठीत 'निरंक'. किती सात्त्विक वाटतं ना? समूळ नाश करणारं 'अ‍ॅनायलेट' त्याच घराण्यातलं. 'नलस' म्हणजे एकही नाही. त्यातून 'नल' आणि 'नलिफाय' आले. 'व्हॉइड' मात्र रिकामेपणाच्या कुळातला, 'व्हेकन्ट'चा भाऊबंद. वकिलांना एका शब्दावर भागत नाही, म्हणून दोन्ही जोडीने. आपलं 'रद्दबातल' तसंच, फक्त दोन्ही तुकडे अरबीतले.

गंमत म्हणजे 'नाही'साठी एवढे शब्द असूनही रोमन आकड्यांत शून्यच नाही! ते आपल्याकडून गेलं. अरबांनी त्याला 'सिफ्र' म्हटलं, फिबोनाचीने १२०२ मध्ये 'झेफिरम' लिहिलं आणि पुढे त्याचं 'झीरो' झालं. शिवाजी पार्कवर इंग्रजीत बदकाचं अंडं, मराठीत भोपळा. चव आपली बरी.

पण 'व्हॉइड'चा खरा उपयोग नोकरी सोडताना होतो. लालबागच्या माझ्या एका मित्राला एचआरने दम दिला होता, 'वर्षभर स्पर्धक कंपनीत जाता येणार नाही, सही आहे तुमची.' पठ्ठ्या हातची ऑफर सोडायला निघाला होता. वकिलाने त्याला १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २७ दाखवलं: कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता व्हॉइड. सहीसकट!

क्रिकेटर झहीर खानच्या केसमध्येही हेच कलम होतं. करार संपल्यावरही त्याच्या नव्या ऑफरवर पहिला हक्क आपला, असा जुन्या मॅनेजमेंट कंपनीचा दावा होता. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो मानला नाही.

अर्थात, नोकरीत असतानाची बंधनं वेगळी. कंपनीची गुपितं पेन ड्राइव्हवर घालून नेलीत तर कलम २७ मदतीला येणार नाही. ट्रेनिंगच्या बॉण्डचंही गणित निराळं, त्यासाठी आधी वकील गाठा. त्याची फी मात्र निल नसते.