घेण्याआधीच ठरवावे, कधी विकायचे

सकाळी घेतलेला शेअर त्याच दिवशी किंवा फार तर दोन-चार दिवसांत विकून नफा काढायचा, हा अल्पमुदतीचा व्यवहार आता घरोघरी पोहोचला आहे. अशा व्यवहारात उतरणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो, 'कोणता शेअर घेऊ?' पण बहुतेकांचे पैसे जातात ते पुढच्या पायरीवर. घेतलेला शेअर पडू लागला, की तो विकवत नाही.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या 'सेबी'ने जुलै २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०२२-२३ या वर्षात रोखीच्या बाजारात एकाच दिवसात खरेदी-विक्री करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जण तोट्यात होते. वर्षाला पाचशेहून अधिक सौदे करणाऱ्यांमध्ये तर दहापैकी आठ जण तोट्यात. म्हणजे केवळ सरावाने हात बसतो असे नाही. तोटा झालेल्यांनी प्रत्येक शंभर रुपयांच्या तोट्यावर आणखी सत्तावन्न रुपये दलाली आणि इतर खर्चापोटी मोजले होते.

असे का होते? डॅनियल कानमन आणि अमोस ट्वेर्स्की या इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेल्या संशोधनात याचे उत्तर सापडते. त्यांनी लोकांना विचारले: नक्की तीन हजार मिळालेले बरे, की चार हजार मिळण्याची शंभरात ऐंशी शक्यता बरी? बहुतेकांनी हातचे तीन हजार पसंत केले. मग प्रश्न उलटा केला. नक्की तीन हजार गमावाल, की चार हजार जाण्याची ऐंशी टक्के आणि काहीच न जाण्याची वीस टक्के शक्यता स्वीकाराल? आता मात्र जवळजवळ सगळेच जुगाराकडे वळले. नफ्यात सावध असणारा माणूस तोट्यात धाडसी होतो. या कामासाठी कानमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बाजारात हेच रोज घडते. अडीचशेला घेतलेला शेअर दोनशे त्रेपन्न झाला, की 'पदरात पडेल ते घ्या' म्हणून तो विकला जातो. तोच दोनशे चाळीसवर आला, तर 'भाव परत येईल' म्हणून ठेवला जातो. आणखी पडला, की सरासरी भाव कमी करण्यासाठी आणखी घेतला जातो. संध्याकाळी दिवसभराच्या सौद्याचे नाव बदलून 'गुंतवणूक' होते. पदरी पडले, पवित्र झाले! पण कंपनीचा ताळेबंद पाहून तो शेअर घेतलेलाच नव्हता. अशा रीतीने नफे छोटे आणि तोटे मोठे होतात. दहांतले सात सौदे जिंकूनही वर्षाचा हिशेब उणे येतो, तो यामुळे.

यावर उपाय एकच. विकण्याचा निर्णय शेअर घेण्याआधी, मन थंड असताना घ्यायचा. समजा, तुमच्याजवळ या व्यवहारासाठी एक लाख रुपये आहेत आणि एका सौद्यात एक टक्का, म्हणजे हजार रुपयांहून अधिक गमवायचे नाहीत, असे ठरवले. शेअर अडीचशेला घ्यायचा आणि दोनशे पंचेचाळीसला बाहेर पडायचे, तर एका शेअरमागे जोखीम पाच रुपये. हजार भागिले पाच, म्हणजे दोनशे शेअर. 'किती घ्यायचे' याचे उत्तर उत्साहावर न सोडता भागाकारावर सोडायचे. खरेदीबरोबरच 'स्टॉप लॉस'ची ऑर्डर द्यायची आणि ती खाली सरकवायची नाही. भाव एकदम कोसळला तर ठरल्यापेक्षा थोडा कमी भाव मिळू शकतो, हेही गृहीत धरावे.

या शिस्तीमागे साधे गणित आहे. भांडवल दहा टक्के घटले, तर ते भरून काढायला अकरा टक्के नफा पुरतो. निम्मे गेले, तर उरलेल्याचे दुप्पट करावे लागतात.

दुसरा धोका तोट्यानंतरच्या तासाभरात असतो. गेलेले पैसे आजच्या आज परत मिळवायचे, या इरेला पेटून माणूस दुप्पट मोठा सौदा करतो. म्हणून दिवसाच्या तोट्यालाही मर्यादा हवी. ती गाठली, की त्या दिवसापुरते दुकान बंद.

शिस्तीने नफा होईलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही. पण प्रत्येक सौद्याचा भाव, कारण आणि खर्च वहीत लिहिला, तर सहा महिन्यांत आपली पद्धत चालते की नाही, हे खर्च वजा जाता स्पष्ट दिसते. चालत नसेल, तर थोड्या पैशांत बाहेर पडता येते. घरखर्चाचे, मुलांच्या फीचे किंवा निवृत्तीचे पैसे मात्र या व्यवहारात आणूच नयेत. त्या पैशांचा तोटा सोसवत नाही, आणि जो तोटा सोसवत नाही तो वेळेवर स्वीकारलाही जात नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)