गिअरबॉक्सचं तेल जातं कुठे?

मराठी विभागासाठी लेख दे म्हटल्यावर माझी पंचाईतच झाली. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'वंगण' हा शब्दसुद्धा आईला विचारावा लागला. तेव्हा चुकलं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

विषय आहे माझ्या काकांच्या 1965च्या शेवरोले इम्पालाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. नाव 'पॉवरग्लाइड', आणि पुढचे गिअर दोनच! पॉवरग्लाइड 1950 साली आला आणि 1973 पर्यंत चालला. यात क्लच पेडल नसतं. इंजिन एक पंखा फिरवतं, तो तेल फेकतो आणि त्या तेलाच्या जोराने समोरचा पंखा फिरतो. हा झाला टॉर्क कन्व्हर्टर. पहिल्या गिअरला स्टीलचा पट्टा, म्हणजे बँड, ड्रमला आवळून धरतो. दुसऱ्याला बँड सुटतो आणि क्लच प्लेट्स एकमेकींवर दाबल्या जातात. हे सगळं तेलाच्या प्रेशरवर चालतं. वंगणही तेच आणि कूलिंगही तेच.

काकांनी दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये हा गिअरबॉक्स पूर्ण खोलून घेतला होता. चांगला खर्च झाला. पण वर्षाच्या आत तीच तक्रार परत! दुसरा गिअर पडला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी काही पळायची नाही. डिपस्टिकवर लाल तेलाऐवजी काळपट तेल, वर जळका वास. काका वैतागून म्हणाले, "आता भंगारात देतो." मी सुट्टीत त्यांच्याकडेच होते. म्हटलं, "काका, एकदा उस्तादांना तरी दाखवू या."

उस्तादांनी पाना उचलायच्या आधी प्रश्न विचारला, "तेल कितना डालते हो?" काका म्हणाले, महिन्याला लिटरभर. "नीचे गिरता है?" नाही, फरशीवर एक थेंबही नाही. मग लिटरभर तेल जातं कुठे?

गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला एक छोटी डबी असते, व्हॅक्यूम मॉड्युलेटर. इंजिनचा व्हॅक्यूम किती आहे त्यावरून ती तेलाचं प्रेशर कमी-जास्त करते. उस्तादांनी तिची नळी काढली, तर आत लाल तेल! डबीतला पडदा फाटला होता, आणि इंजिन त्या नळीतून गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळत होतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर यायचा आणि आम्हाला वाटायचं, पिस्टन रिंग गेल्या. तेल कमी झालं की प्रेशर पडतं, प्लेट्स घसरतात आणि जळतात. आधीच्या गॅरेजने जळलेल्या प्लेट्स बदलल्या होत्या. जाळणारी डबी तशीच ठेवली होती!

मग गिअरबॉक्स उतरवला. नव्या प्लेट्स आधी तेलात भिजत ठेवल्या, कारण कोरड्या बसवल्या तर पहिल्याच फेरीत जळतात. पुसायला दोरे सुटणारं फडकं अजिबात चालत नाही, एक दोरा व्हॉल्व्ह अडकवायला पुरतो. वॉशर जागेवर धरायला ग्रीस नाही, व्हॅसलीन. ते गरम तेलात विरघळतं. बँडचा स्क्रू 70 इंच-पाउंडला आवळून बरोब्बर तीन फेरे मागे घेतला. बँड जुना असता तर चार. इथे 'अंदाजे' चालत नाही.

आता तेल कुठलं? मी वाचलं होतं की रेसवाले पॉवरग्लाइडमध्ये फोर्डचं 'टाइप एफ' घालतात. त्यात घर्षण मवाळ करणारं रसायन नसतं, त्यामुळे प्लेट्स पटकन पकडतात. मी ऐटीत ते सुचवलं. उस्ताद हसले. "रेस खेलनी है क्या, बेटा?" पटकन पकड म्हणजे प्रत्येक गिअरला धक्का, आणि साठ वर्षांच्या गाडीला धक्के कशाला? जनरल मोटर्सने 1967 मध्ये 'डेक्सरॉन' आणलं, त्यात ते रसायन असतं. (सुरुवातीच्या काळात त्यासाठी चक्क व्हेल माशाचं तेल वापरत!) 2005 मध्ये आलेलं 'डेक्सरॉन सहा' जुन्या डेक्सरॉनच्या जागी चालतं, पण सुरुवातीला ते थोडं पातळ असतं. जुन्या बॉक्ससाठी आम्ही 'डेक्सरॉन तीन' दर्जाचं, जरा दाट तेल घेतलं. 'तीन'चं लायसन्स कंपनीने 2006 अखेर बंद केलं, म्हणून डब्यावरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा मागची बारीक अक्षरं वाचा.

एक लक्षात ठेवा. नुसता पॅन काढून सगळं तेल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं. आम्ही तोही रिकामा केला. पातळी बघायची ती गाडी गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये. जास्त भरलं तर फेस होतो आणि प्लेट्स पुन्हा घसरतात.

पहिल्या फेरीत दुसरा गिअर कधी पडला ते कळलंसुद्धा नाही. काका काही बोलले नाहीत, फक्त भंगारवाल्याचा नंबर मोबाइलमधून काढून टाकला. डिपस्टिक मात्र ते आता दर रविवारी बघतात. तेल अजून लालच आहे.

आपण प्रॅक्टिकलला रीडिंग चुकलं की फक्त रीडिंग 'दुरुस्त' करतो ना? पुढच्या वेळी आधी विचारा, तेल जातंय कुठे?