डोक्याचे चित्र आणि मांडीचे बळ

संथ काम केल्याचा आरोप आम्हा युनियनवाल्यांना नवा नाही. ते हत्यार कामगार कधीमधी वापरतात, हेही आम्ही नाकारीत नाही. परंतु बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात एकट्या मनुष्यावर हा आरोप आला, तेव्हा आम्हांस नवल वाटले. चाळिशीचा गडी. पूर्वी गोणी खांद्यावर टाकून झपझप चालणारा. आता उकिडवा बसला की हाताचा टेकू घेतल्यावाचून उठेना. स्टेशनचा जिना कठडा धरून चढे. पोटऱ्यांत गोळे येत. बोलणेही जड झाले होते. मेंदूचा विकार असावा, असे कोणी सुचविले आणि घरच्यांनी कर्ज काढून डोक्याचा एमआरआय करविला. अहवालात काहीच दोष निघाला नाही. तोच कागद चौकशीत त्याच्याविरुद्ध गेला. मेंदू साफ आहे, तेव्हा हे सोंग आहे!

हे चित्र कशाचे असते, ते पाहू. एमआरआय म्हणजे एक बलाढ्य चुंबक. शरीरातील पाण्यात हायड्रोजन असतो. त्याची अणुकेंद्रे या चुंबकात रेडिओलहरींना जो प्रतिसाद देतात, त्यावरून यंत्र चित्र तयार करते. त्यात गाठ दिसते, रक्तस्राव दिसतो, सुकलेला भाग दिसतो. पण तो घराचा नकाशा झाला. भिंती कोठे आहेत ते कळते. चुलीत जाळ आहे की नाही, ते कळत नाही.

हा जाळ राखते गळ्यातील थायरॉइड ग्रंथी, जिला परिभाषेत अवटु ग्रंथी म्हणतात. तिचा रस कमी पडला की स्नायूंना शक्ती पुरत नाही. मांड्या आणि खांदे आधी थकतात. आखडलेला स्नायू सैल पडावयास वेळ लागतो. डॉक्टर टाचेवरच्या शिरेवर लहान हातोडी मारतात, तेव्हा पाऊल उडते, पण सावकाश परत येते. रस फार झाला तरी स्नायू झिजतातच. म्हणजे जिना दोन्हीकडून अवघड.

मेंदूतील जाळ पाहण्याची सोय वेगळी आहे, ती पेट स्कॅनची. किंचित किरणोत्सर्गी केलेली साखर शिरेतून देतात आणि मेंदू ती किती ओढून घेतो ते पाहतात. ही साखर ११० मिनिटांत निम्मी निवते, म्हणून ती जवळपासच तयार करावी लागते. परळला अणुशक्ती खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून थायरॉइडच्या रोग्यांवर उपचार करीत आले आहे. तेथे २००२ साली असे यंत्र आले. ग्रंथीचा रस फार कमी झालेल्या रोग्यांची अशी चित्रे परदेशात घेतली गेली. मेंदूचा रक्तपुरवठा व साखरेचा खप उतरलेला आढळला. नकाशा साफ आणि जाळ मंद, असे होऊ शकते ते हे. मात्र हा संशोधनाचा विषय आहे. निदानासाठी कोणी कर्ज काढून ही तपासणी करवू नये.

निदान रक्तावरच होते. मेंदूच्या तळाशी पीयूषिका ग्रंथी आहे, ती थायरॉइडची मुकादम. खालचा हात ढिला पडला की मुकादम ओरडू लागतो. ते ओरडणे रक्तात टीएसएच या नावाने मोजतात. आकडा चढला, की ग्रंथी थकली असे समजावे.

डोक्याचे चित्र खरोखर उपयोगी पडते ते डोळ्यांसाठी. ग्रंथी अति चालण्याच्या एका रोगात डोळा फिरविणारे स्नायू सुजून जाड होतात, डोळे बाहेर येतात, एकाचे दोन दिसते. सीटी स्कॅनमध्ये खोबणीतले हे स्नायू स्पष्ट दिसतात, आणि मागे दृष्टीची नस चेपली जात आहे काय, तेही. नस चेपली असेल तर दिवस घालवू नयेत. विडी-सिगारेटने हा रोग बळावतो, हे आमच्या पाळीवरच्या मंडळींना सांगून आम्ही थकलो. (सीटी यंत्र घडविणाऱ्या हाउन्सफील्ड यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीत ते नोकरीस होते; १९७९ साली त्यांना नोबेल मिळाले. आम्हा शाळा सुटलेल्यांना हे सांगावेसे वाटते, इतकेच.)

आमच्या गड्याचा टीएसएच पुष्कळच चढलेला निघाला. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली. चार महिन्यांनी तो टेकू न घेता उठू लागला. कामावर आहे. आरोपपत्र मात्र रीतसर मागे घेतले गेलेले नाही. त्यासाठी आमचे तिसरे पत्र गेले आहे.