आढ्याचे पाणी आणि कोंबड्यांचे अंगण

शहराच्या कडेला चार गुंठे जागा मिळाली, तीवर टुमदार घर उभे राहिले, की परसात जाईजुईच्या वेलापाठोपाठ एखादे खुराडेही येते. जाळीचे आवार होते, आठदहा कोंबड्या येतात, आणि घरच्या अंड्यांचे कौतुक पाहुण्यांना सांगताना यजमानांना धन्यता वाटते. हिवाळा आणि उन्हाळा अशा आनंदात जातो. मग मृग लागतो, आषाढाची झड सुरू होते, आणि पंधरा दिवसांत त्या आवाराची दलदल होते. दुर्गंधीने शेजारी खिडक्या लावून घेतात, अंडी चिखलाने माखतात, आणि 'कोंबड्यांना पावसाळा मानवत नाही' असा निष्कर्ष काढून बरीच मंडळी खुराडे मोडीत काढतात.

हा निष्कर्ष पावसावर आणि कोंबड्यांवर अन्याय करणारा आहे. पाऊस आपले काम करतो. आपण पाण्याला वाट ठेवलेली नसते, एवढेच.

पाणी येते कोठून?

'आढ्याचे पाणी वळचणीला' ही म्हण आपण माणसांच्या स्वभावासाठी वापरतो. पण घरबांधणीचे एक साधे सत्य तीत आहे. छपरावर पडणारे सगळे पाणी वळचणीशी उतरते. खुराड्याला १० फूट बाय १२ फुटांचा पत्रा आहे असे धरा. एक इंच पाऊस पडला, तर त्या पत्र्यावरून १० घनफूट, म्हणजे सुमारे २८३ लिटर पाणी पागोळ्यांनी खाली येते. पंधरा लिटरच्या जवळजवळ एकोणीस बादल्या! पुण्याकडे वर्षाकाठी अठ्ठावीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो. कोकणात त्याच्या तिप्पट-चौपट. हे पाणी कोंबड्यांच्या आवारातच सोडले, तर आभाळाला दोष देण्यात काय अर्थ?

दुसरे पाणी येते शेजारच्या उंच जमिनीवरून. तिसरे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. एक कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम विष्ठा टाकते, आणि तिचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. बारा कोंबड्यांची महिन्याची ही भर चाळीस किलोंच्या घरात जाते. शिवाय कोंबडीचा जन्मच उकरण्यासाठी! माती धरून ठेवणारे गवत ती दोन महिन्यांत मुळासकट उपटते. मग उघड्या मातीत पाणी, विष्ठा आणि पाय यांचा काला होतो. यालाच आपण चिखल म्हणतो.

बिघडते काय?

कोंबडीचा मूळ पुरुष म्हणजे जंगलातला तांबडा रानकोंबडा. वाळक्या पानांच्या थरात उकरावे आणि कोरड्या धुळीत अंग घुसळून उवा-पिसवा झाडाव्यात, ही त्याची रीत. चिखलात हे धूलिस्नान होत नाही. सतत ओलीत राहून तळपाय मऊ पडतात, बारीकशा जखमेतून जंतू शिरतात आणि पायाला गळू होते. त्याहून भयंकर म्हणजे रक्ती हगवण. या रोगाच्या सूक्ष्म परजीवींची बीजे विष्ठेतून पडतात तेव्हा निरुपद्रवी असतात. परंतु ऊब आणि ओल मिळताच एकदोन दिवसांत ती रोग देण्याजोगी होतात. नेहमीची जंतुनाशके त्यांना दाद देत नाहीत. त्यांना खरे भय कोरडेपणाचे! लहान पिल्ले या रोगाने पटापट जातात.

अंड्याच्या कवचालाही हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. चिखलाने माखलेले अंडे गार पाण्याने धुतले, की आतला भाग आकसतो आणि घाण छिद्रांतून आत ओढली जाते. तेव्हा अंडे धुऊन स्वच्छ करण्यापेक्षा ते मळू न देणेच शहाणपणाचे.

माझ्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांच्या बारा कोंबड्यांपैकी चार एकाच श्रावणात गेल्या. अंड्यांचा हिशेब त्यांच्या पत्नीकडे असे. त्या पैशातून नातीच्या गाण्याच्या शिकवणीची फी जाई. गृहस्थ रोज सकाळी आवारात पेंढ्याची एक पेंढी पसरत, आणि दुसऱ्या दिवशी ती चिखलात गडप होई. एके दिवशी बाई म्हणाल्या, "अहो, पेंढा कमी पडत नाहीये, पाणी जास्त होतंय. जरा वर बघा की!" गृहस्थांनी मान वर केली. पत्र्याला पन्हळच नव्हती! पन्हळ बसली, चर खणला गेला, आणि राहिलेल्या आठ कोंबड्यांनी पुढचा पावसाळा सुखरूप पार पाडला. शिकवणीही सुटली नाही.

वाट करून द्यावी

या बाईंच्या बोलण्यात सारे शास्त्र आले. आधी पाणी वळवावे, मग जमीन सुधारावी, आणि शेवटी अंथरूण घालावे. हा क्रम उलटला की पैसा चिखलात गेलाच.

प्रथम पत्र्याला पन्हळ लावून पाणी पिंपात किंवा आवाराबाहेर न्यावे. मग उंचावरून येणाऱ्या पाण्यासाठी आवाराच्या वरच्या अंगाला आडवा चर खणावा. फूटभर रुंद, दीड फूट खोल, आणि दर दहा फुटांना इंच-सव्वा इंच उतार असला म्हणजे पुरे. चरात खडी भरावी. गाळाने ती बुजू नये म्हणून भोवती पाणी झिरपू देणारे न कुजणारे कापड घालावे. इंग्रजीत याला 'फ्रेंच ड्रेन' म्हणतात. पण त्याचा फ्रान्सशी संबंध नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातले हेन्री फ्लॅग फ्रेंच या वकिलांनी १८५९ साली शेतातील निचऱ्यावर पुस्तक लिहिले, त्यांचे आडनाव या चराला चिकटले.

चराचे पाणी न्यायचे कोठे? शेजाऱ्याच्या अंगणात नव्हे आणि विहिरीकडे तर मुळीच नव्हे! आपल्याकडे मोरीचे पाणी केळी आणि अळू यांना देण्याची रीत होती, तीच येथे उपयोगी पडते. मुरमाड जमीन असेल तर शोषखड्डाही चालतो. काळ्या जमिनीत मात्र तो पावसाळाभर तुडुंब राहील.

जमीन आणि अंथरूण

आता आवाराची जमीन. वरचा कुजकट थर खरवडून खताच्या खड्ड्यात टाकावा. त्यावर मुरमाचा सहा इंच थर देऊन धुमसाने ठोकावा, आणि मध्यभाग कासवाच्या पाठीसारखा उंच ठेवावा. काळी माती असेल तर खाली दगडगोट्यांचा थर हवाच. नाहीतर मुरूम पहिल्याच पावसात मातीच्या पोटात जातो. चिकण मातीत थोडीशी वाळू कालवण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नये. उन्हाळ्यात तिची वीट होते. वाळू घालायची ती वर, थर म्हणून.

सर्वांत वर अंथरूण हवे ते जंगलासारखे: लाकडाच्या जाड ढलप्या, वाळकी पाने. पेंढा पाणी धरतो, लवकर कुजतो, आणि त्याची बुरशी पक्ष्यांच्या फुप्फुसांना बाधते. उघड्या आवारात तो टाळलेलाच बरा. ढलप्याही वर्षभरात कुजतात. त्या काढून, चारसहा महिने मुरवून भाजीच्या वाफ्यांना द्याव्यात. छपराखालच्या गादीला भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा चालतो. तिची परीक्षा सोपी आहे. मूठभर तूस दाबून सोडावे. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. दुर्गंधीवर कळीचा चुना मात्र टाकू नये. ओल लागताच तो पाय भाजतो.

आवारात दर कोंबडीमागे निदान दहा चौरस फूट जागा असावी. जागा असल्यास तिचे दोन भाग करून आलटून पालटून वापरावेत; जमिनीलाही विश्रांती लागते.

मुहूर्त दिवाळीचा

हे सारे दिवाळीत सांगण्याचे कारण आहे. भर पावसात चर खणू गेल्यास चिखल दुप्पट होतो, आणि वैशाखात जमीन दगडासारखी कठीण असते. आज जमीन वापशावर आहे. शिवाय गेल्या पावसाळ्याच्या खुणा अजून स्पष्ट आहेत: पाणी साचले तेथे हिरवट पापुद्रा आणि भेगा, पागोळ्या पडल्या तेथे खळग्यांची रांग. जमिनीने आपली तक्रार स्वतःच लिहून ठेवलेली असते. आपण ती वाचायची.

कोंबडे झाकले तरी तांबडे फुटायचे राहत नाही, तसाच पेंढ्याखाली झाकलेला चिखलही वर यायचा राहत नाही. तेव्हा फराळ झाल्यावर एक फेरी परसात मारावी, एक फावडे, सुतळीचे रीळ आणि दोन खुंट्या घेऊन. मृगाला अजून सात महिने आहेत.